पाच किलो दोनशे वीस

वजनमापे खात्याच्या निरीक्षकाला दुकानदार घाबरले तर त्यात नवल नाही, सरकार त्याला पगारच त्याचा देतं. पण त्याच निरीक्षकाला त्याची तीन महिन्यांची सख्खी नात घाबरली, तर त्याने तोंड दाखवायचं कुणाला?

ऑफिसात त्यांना सगळे मिलिग्रामसाहेब म्हणत. समोर नुसतं ‘साहेब’, पाठ वळली की नुसतं ‘मिलिग्राम’. कुठलीही वस्तू हातात घेऊन वजन सांगायचं ही त्यांची ख्याती. नारळ असो, वहाण असो, नाहीतर वरिष्ठांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट असो, एकदा तळहातावर घेतला की आकडा बाहेर पडायचाच. भाजीवाली त्यांना लांबून येताना पाहून आधीच दोन बटाटे जास्त टाकायची. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा हात आणि खात्याचा काटा यांच्यात मतभेद झाला तो एकदाच, आणि त्या वेळी काटा दुरुस्तीला पाठवावा लागला होता. ही हकीकत ते अजून सांगतात. ऐकणाऱ्याने विचारलं नसलं तरी सांगतात.

तर जावयाची फार लांब बदली झाली आणि तिथे राहायला घर मिळेपर्यंत सहा आठवडे लेक नातीला घेऊन इकडे आली. मिलिग्रामसाहेबांनी दारातच दोन्ही हात पुढे केले, नात घेतली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, “पाच किलो दोनशे वीस.” नातीने त्यांच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि असं भोकाड पसरलं, की वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी प्रवासाला दोष दिला. दुसऱ्या दिवशी दातांना दिला, तीन महिन्यांच्या बाळाला दात नसतात हे माहीत असूनही दिला. पण आठवडा उलटला तेव्हा कुणाला दोष द्यायचा ते सगळ्यांना कळून चुकलं. पोरगी आजीकडे झोपायची, काकूंकडे झोपायची, तळमजल्यावरच्या कंपाउंडरच्या खांद्यावर तर पडल्या पडल्या घोरायची. आजोबांनी घेतलं की रड. हा कंपाउंडर चाळीस वर्षं दवाखान्यात औषधं देऊन निवृत्त झालेला, आणि आता इमारतीतल्या लोकांना औषधांच्या ऐवजी सल्ले देणारा. त्याच्या खांद्यावर नात झोपते हे मिलिग्रामसाहेबांना सर्वांत जास्त झोंबलं.

खरं सांगायचं तर चूक त्यांच्या धरण्यात होती. खात्यात मखमलीच्या पेटीत ठेवलेली पितळी वजनं असतात. बाजारातली सगळी वजनं या वजनांशी ताडून बघायची, म्हणून त्यांना भारी मान. हातमोजे घालून ती दोन्ही हातांनी उचलायची, अंगापासून हातभर लांब धरायची, सदऱ्याचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही, आणि काट्यावर ठेवून काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा. श्वासाच्या वाऱ्याने नाजूक काटा हलतो. एकतीस वर्षं ही शिस्त पाळलेला माणूस जगातली सर्वांत मोलाची वस्तू हातात आल्यावर दुसरं काय करणार? ते नातीलाही तशीच धरत. हातभर लांब, दोन्ही दंड ताठ, श्वास बंद, नजर स्थिर. हातमोजे तेवढे नसत.

“अहो, ती वजन नाहीये, नात आहे,” बायको म्हणाली.

“मला कळतं ते,” मिलिग्रामसाहेब म्हणाले. “पडली बिडली म्हणजे?”

“जवळ धरलंत तर पडणार कशाला?”

यावर खात्याच्या नियमावलीत उत्तर नव्हतं.

सल्ले मात्र भरपूर आले. कंपाउंडरने दंडांना तेल चोळायला सांगितलं. त्याने फरक एवढाच पडला, की नात रडत रडत निसटू लागली. वरच्या काकूंनी दोष मिशीवर ठेवला. “बाळं मिशीला घाबरतात हो. माझा भाऊ मिशी काढेपर्यंत आमचा बंड्या त्याच्याकडे गेला नाही.” मिलिग्रामसाहेबांनी अठ्ठावीस वर्षांची मिशी काढली. नात उघडा ओठ पाहून दुप्पट रडली. शिवाय ऑफिसच्या फाटकावरच्या रखवालदाराने त्यांना अडवलं, कारण ओळखपत्रावरच्या माणसाला मिशी होती. त्याच रखवालदाराला ते गेली नऊ वर्षं रोज ‘काय, बरं आहे ना?’ म्हणत आले होते. “साहेब, मी ओळखतो हो तुम्हाला,” तो अजिजीने म्हणाला, “पण कार्ड ओळखत नाही.” मग नव्या फोटोसाठी अर्ज, अर्जाबरोबर जुना फोटो, आणि दोन्ही फोटोंतला माणूस एकच असल्याचा दाखला. तो दाखला ज्याच्या सहीने मिळतो तो अधिकारी रजेवर. चार दिवस मिलिग्रामसाहेब स्वतःच्या ऑफिसात पाहुण्यांच्या वहीत सही करून जात होते. ‘कोणाला भेटायचे’ या रकान्यात त्यांनी पहिल्या दिवशी स्वतःचं नाव लिहिलं, तर त्यावरही आक्षेप आला.

शेवटी लेकीनेच मार्ग काढला. वाचनालयाच्या फलकावर तिने एक कागद पाहिला होता: ‘शरीर सैल सोडायला शिका. ताई ची या सावकाश चिनी व्यायामाचे वर्ग. वरचा हॉल, रोज सकाळी सात.’

“बाबा, तुमचं सगळं अंगच आखडलेलं असतं,” ती म्हणाली. “ते तिला कळतं. अजून तीन आठवडे आहेत. जाऊन तर बघा.” आणि मग जरा हळू आवाजात म्हणाली, “पुढच्या वेळी आम्ही येऊ तेव्हा ती धावायला लागलेली असेल. मांडीवर झोपायची राहणार नाही.”

हे शेवटचं वाक्य मिलिग्रामसाहेबांच्या वर्मी बसलं. दुसऱ्या दिवशी पावणेसातला ते वाचनालयाच्या पायरीवर हजर होते.

वर्ग घेणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या, काडीसारख्या बारीक. हयातभर टायपिंग शिकवलेलं, त्यामुळे हुकूम सोडायची सवय होती, पण आवाज अगदी मवाळ. विद्यार्थी सहा. त्यांतले सर्वांत हुशार म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर. ते उभ्या उभ्या झोपत, आणि बाई त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणत, “बघा, असं सैल.”

पायांत खांद्याइतकं अंतर, गुडघे किंचित वाकलेले, हात हवेत तरंगल्यासारखे. मग डोळ्यांसमोरचा ढग हाताने हळूच बाजूला सारायचा. सगळे ढग सारत होते. मिलिग्रामसाहेब कपाट सरकवत होते.

बाई जवळ आल्या. त्यांनी मिलिग्रामसाहेबांचा उजवा हात मनगटाखाली आणि कोपराखाली धरला. “हा मला द्या. सगळं वजन माझ्या हातावर टाका.”

“दिला,” मिलिग्रामसाहेब म्हणाले.

बाईंनी आपले हात काढून घेतले. मिलिग्रामसाहेबांचा हात हवेत होता तिथेच राहिला.

“दिला नाहीत,” बाई म्हणाल्या.

मिलिग्रामसाहेबांना राग आला. माणसाचा हात म्हणजे एकूण वजनाचा साधारण विसावा भाग. त्यांचं वजन बाहत्तर किलो. म्हणजे साडेतीन किलोच्या वर हात बाईंच्या हातावर पडायला हवा होता, आणि पडला होता शून्य. हिशेबात एवढी तूट त्यांनी एखाद्या दुकानात पाहिली असती तर जागच्या जागी सील ठोकलं असतं.

“आणि श्वास घ्या,” बाई म्हणाल्या.

“घेतो की.”

“कधी?”

मग मिलिग्रामसाहेबांनी काट्याची, वजनांची, हातमोज्यांची सगळी हकीकत सांगितली. बाई शांतपणे ऐकत होत्या. “म्हणजे नाजूक काही हातात आलं, की तुम्ही श्वास बंद करता,” त्या म्हणाल्या. “आणि बाळाला वाटतं, आजोबा श्वास घेत नाहीत म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर घडणार आहे. मी असते तर मीही रडले असते.”

घरी आल्यावर त्यांनी एक कोरी वही घेतली आणि रकाने आखले: मान, खांदा डावा, खांदा उजवा, कोपर, मनगट, श्वास, शेरा. रोज सकाळी प्रत्येक अवयव किती सैल झाला याची नोंद व्हायची. तिसऱ्या दिवशी मान साठ टक्क्यांवर गेली. नोंद करताना आनंदाने ती पुन्हा आखडली, मग त्यांनी खाडाखोड करून बाजूला सही केली. बायकोने ती वही पाहिली आणि कपाळाला हात लावला.

बाईंनी सांगितलं होतं, घरी वीस मिनिटं उघड्यावर करा. उघडी जागा म्हणजे गच्ची, आणि गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी अंगाने भरदार आणि नियमाने त्याहून भरदार. गच्ची वापरायच्या छापील अर्जात कारणं तीनच होती: कपडे वाळत घालणे, टाकीची पाहणी, समारंभ.

“तुम्ही वर जाऊन नक्की करणार काय?” सेक्रेटरीने विचारलं.

“हळूहळू हलणार.”

“कशासाठी?”

“सैल होण्यासाठी.”

सेक्रेटरीने अर्जावरून बोट फिरवलं. “कपड्यांत बसत नाही. टाकीत तर नाहीच नाही.” आणि त्याने लिहिलं: ‘समारंभ, एका व्यक्तीचा.’ खाली अटी होत्याच. ध्वनिक्षेपक लावू नये, पन्नासपेक्षा जास्त पाहुणे बोलावू नयेत, उरलेले जेवण गच्चीवर टाकू नये. मिलिग्रामसाहेबांनी तिन्ही अटी मान्य असल्याची सही केली. नियमाच्या माणसाला दुसऱ्याच्या नियमाबद्दल तक्रार करता येत नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं दुःख आहे.

मधल्या काळात सैल होण्याचा पहिला बळी एक किराणा दुकानदार ठरला. नेहमीच्या तपासणीला गेले असताना मिलिग्रामसाहेबांना खांदा उजवा आखडल्याचं जाणवलं. ते गल्ल्यासमोर उभे राहिले, डोळे अर्धवट मिटले आणि मान हळूहळू डावीकडून उजवीकडे नेऊ लागले. एक अक्षर बोलले नाहीत. आतापर्यंत आरडाओरडा करणारे निरीक्षक दुकानदाराने पाहिले होते, पण हे असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मान उजव्या टोकाला पोचायच्या आत त्याने साखरेच्या पोत्यामागून दुसरा काटा काढून समोर ठेवला. “साहेब, हाच तो. शंभर ग्रॅम मारतो. पण असं बघू नका.” ऑफिसात या पद्धतीची फार वाहवा झाली. वरिष्ठांनी सगळ्यांनी ती शिकून घ्यावी असं सुचवलं. मिलिग्रामसाहेबांना मात्र त्यात काडीचा आनंद झाला नाही. घरी नात अजून रडतच होती. आता ते श्वास घेत होते, पण मोजून: चार आकडे आत, सहा बाहेर. नातीला बहुधा हा हिशेबही नको होता.

असं करता करता शनिवार उजाडला. रविवारी सकाळी लेक निघणार होती.

मिलिग्रामसाहेब शेवटचा प्रयत्न म्हणून गच्चीवर गेले. कपडे वाळत घालायच्या तारेजवळ सावली होती, तिथे उभे राहिले. आज वहीही नेली नव्हती. त्यांनी गुडघे वाकवले, डावा पाय किंचित उचलला, उजव्या हाताने ढग बाजूला सारायला घेतला आणि हात तारेपाशी नेऊन थांबवला. नेमक्या त्याच वेळी उद्याची आठवण झाली आणि श्वास अडकला. सगळं अंग बारीक थरथरू लागलं.

तेवढ्यात उशा उन्हात टाकायला कंपाउंडर वर आला. त्याला दिसलं ते असं: एक माणूस, एक पाय हवेत, डोळे पांढरे, हात तारेला टेकलेला, अंगाला थरथर. कंपाउंडरने प्रथमोपचाराचे तीन वर्ग केले होते आणि चाळीस वर्षांत ते वापरायची संधी मिळाली नव्हती. विजेचा झटका बसलेल्या माणसाला हाताने शिवायचं नाही, आधी वीज बंद करायची, हे त्याला पाठ होतं. त्याने उशा टाकल्या, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या पेटीकडे धाव घेतली आणि सगळ्या इमारतीचा मेन स्विच असा ओढला, की दांडी त्याच्या हातात आली. मग लाकडी वस्तूने माणसाला तारेपासून दूर करायचं, हेही पाठ होतं. कोपऱ्यात कपडे टांगायची काठी होती. ती त्याने उचलली आणि मिलिग्रामसाहेबांच्या उजव्या खांद्यावर ठेवून दिली.

मिलिग्रामसाहेब उशांवर आडवे झाले.

“वाचलात!” कंपाउंडर म्हणाला.

“कशातून?” मिलिग्रामसाहेबांनी विचारलं.

खुलासा व्हायला दोन मिनिटं लागली. मिलिग्रामसाहेबांचा एकच मुद्दा होता: मेन बंद केल्यावर काठी कशाला? कंपाउंडरचं म्हणणं, वर्गात दोन्ही शिकवलं होतं, एक गाळून कसं चालेल? हा वाद बराच रंगला असता, पण खालून हाका ऐकू आल्या. लिफ्ट अडकली होती, आणि त्या हाकांच्या वर एक रडणं होतं. ते रडणं मिलिग्रामसाहेबांना हजारांत ओळखता आलं असतं.

लेक सकाळी सामानाच्या पट्ट्या आणायला नातीला घेऊन खाली गेली होती आणि परत येत होती. सात मजल्यांची इमारत, गच्चीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत पाच जिने. मिलिग्रामसाहेब ते किती वेळात उतरले याची कुठेही नोंद नाही. तिसऱ्या मजल्यावर माणसं जमली होती. बायको पाण्याची बाटली घेऊन उभी होती. लिफ्ट मजल्याच्या खाली अडकलेली, जाळीचं दार कसंबसं सरकवलेलं, आणि वर जेमतेम हातभर फट. आत अंधार, उकाडा, लेक, नात आणि सेक्रेटरी. सेक्रेटरी फटीतून बाहेर येणं शक्य नव्हतं, आणि तो आत असताना हवेला फारशी जागाही नव्हती.

“बाबा, आधी हिला घ्या,” लेक आतून म्हणाली. “घामाघूम झालीये.”

गर्दी बाजूला सारत ते फटीपाशी पोचले. मिलिग्रामसाहेब पालथे पडले, हात आत घातले, आणि किंचाळणारी नात बाहेर आली. हातभर लांब धरायचा विचार त्यांच्या मनात आलाही असेल, पण उजवा खांदा काठीने बधिर झाला होता. तो हात ताठ राहीना. पडेल या भीतीने त्यांनी तिला छातीशी ओढून घेतलं आणि भिंतीला टेकून तिथेच बसकण मारली. श्वास रोखण्याचा तर प्रश्नच नव्हता. पाच जिने धावत उतरलेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला श्वास रोखायला सांगून बघा. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि छातीबरोबर नातही वरखाली होत होती.

तीन-चार हुंदके आले. मग तिने सदऱ्याचं बटण मुठीत धरलं, गाल घामेजलेल्या सदऱ्यावर टेकवला आणि डोळे मिटले.

बायकोने पाण्याची बाटली पुढे केली ती तशीच धरून ठेवली.

“द्या इकडे, खांदा दुखावलाय तुमचा,” कंपाउंडर मागून कुजबुजला. “माझ्याकडे झोपते ती.”

“नाही,” मिलिग्रामसाहेब म्हणाले. इतक्या हळू ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

वायरमन यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात आतून सेक्रेटरीने दोनदा विचारलं, की गच्चीवर आज परवानगीपेक्षा जास्त पाहुणे होते का. दिवे आले, लिफ्ट वर सरकली, लेक बाहेर आली, आणि जिन्यात भिंतीला टेकून बसलेल्या बापाकडे बघत उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून ती थट्टेवर गेली.

“मग, मिलिग्रामसाहेब? सहा आठवड्यांत किती भर पडली? आकडा सांगा.”

मिलिग्रामसाहेबांनी खाली पाहिलं. हात होते, हातांवर नात होती. आकडा मात्र कुठेच नव्हता.

“माहीत नाही गं,” ते म्हणाले. “बघायचं राहूनच गेलं.”

रविवारी लेक गेली. गाडी सुटेपर्यंत नात त्यांच्याच खांद्यावर होती, बधिर नसलेल्या.

सोमवारी मिलिग्रामसाहेब नव्या फोटोचं ओळखपत्र दाखवून ऑफिसात शिरले. वजनं ताडायचा दिवस होता. त्यांनी हातमोजे घातले, मखमलीच्या पेटीतून पाच किलोचं पितळी वजन उचललं आणि काट्याकडे निघाले. वाटेत मदतनीस बाई ओरडली, तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. वजन छातीशी होतं. एक हात खालून, दुसऱ्याने ते हळूहळू थोपटणं चाललं होतं.

सदऱ्याचा स्पर्श झालेलं वजन पुन्हा तपासणीला पाठवावं लागतं, आणि त्याचा एक फॉर्म असतो. ‘कारण’ या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. एकतीस वर्षांत त्यांनी एकही खोटी नोंद केली नव्हती, आता कशाला करतील? त्यांनी सावकाश एक श्वास घेतला, आकडे न मोजता सोडला, आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘सवयीने जवळ घेतले गेले.’